उत्तराविना छापलेला पूर्वपक्ष

प्रिय छबू,

अनेक आशीर्वाद. तुझे पुस्तक वाचून पूर्ण केले. शेवटची संदर्भसूची डोळ्यांचे पारणे फेडणारी आहे. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. अशी सूची बनवणारे ते सॉफ्टवेअर तूच माझ्या गळी उतरवलेस. ग्रंथ नि पान एकदा भरा काका, मग कळ दाबली की सूची आपोआप. तुमच्या चपलांच्या खोक्यांना आता मुक्ती द्या, असे म्हणत त्या खोक्यांतली माझी सगळी टिपणे तू टेबलावर ओतली होतीस.

मग आपला दोघांचा सामाईक संग्रह झाला. मी इकडे ग्रंथ नोंदवावा, तो तिकडे तुझ्या पडद्यावर उमटावा. प्रत्येक नोंदीखाली टिपणासाठी एक चौकोन असे. पूजा आटोपली की मी त्यात लिहीत बसे. तुझे वडील गेल्यापासून माझ्याशी शास्त्र बोलणारे घरात कोणी उरले नव्हते. त्या चौकोनात मी तुझ्याशीच बोलत होतो.

तीच टिपणे तुझ्या पुस्तकात जशीच्या तशी भेटली. हजार वर्षांपूर्वीच्या भाष्यकाराला पृष्ठांकासह मान मिळाला. टिपण लिहिणारा मात्र कुठेच नाही. फोनवर तू हसून म्हणालीस, टिपण कोणाचे हे सॉफ्टवेअर सूचीत छापतच नाही, त्याला मी काय करू? खरे आहे. यंत्राला कृतज्ञता कशी ठाऊक असणार? तुला ती आहे, अशी माझी समजूत होती. दुसऱ्या दिवशी संग्रह उघडू गेलो, तर मला प्रवेश बंद. घरच्या माणसाला उंबऱ्याबाहेर काढताना निदान सांगतात तरी, बाई.

हेही गिळून मी गप्प बसलो असतो. पण काल मंदिराच्या अन्नछत्रात चिटणिसांनी तुझ्या पुस्तकातले एक पान सर्वांसमोर वाचले: अन्न देण्यापूर्वी घेणाऱ्याची पात्रता पाहावी, असा शास्त्राचा निर्णय आहे. आज ओळखीचा दाखला नसलेल्यांना त्यांनी दारातूनच परत पाठवले. त्यांत एकीच्या कडेवर मूल होते.

छबू, तो निर्णय नव्हे, पूर्वपक्ष होता. समोरच्याचे म्हणणे आधी पूर्ण बळाने मांडायचे आणि मगच खोडायचे, ही आपली रीत तुला मी पाटीवर शिकवली आहे. त्याचे खंडन मी दुसऱ्या ग्रंथाच्या नोंदीखाली लिहिले होते: अन्नाच्या बाबतीत भूक हीच पात्रता. तू एकच चौकोन उचललास. मी चिटणिसांशी भांडलो, तर ते म्हणाले, “शास्त्रीबुवा, तुमचं तोंडी आहे. बाईंचं छापील आहे, संदर्भासकट!” पुस्तकात मी नाही, संग्रहातही नाही. म्हणून हे पत्र. हे मिळताच, ते पान चुकले असे चिटणिसांना तुझ्या सहीने कळव, आणि खंडनही पाठव. ते माझे आहे, हे सांगू नकोस. तेही तुझेच म्हणून दे. पण दार उघडू दे.

अजूनही तुझाच,
काका