कावळा शिवला होता

१३ नोव्हेंबर १९८७, दिल्ली

गाडी आली आणि यांना घेऊन गेली. मेडिकल कॉलेजची. देहदान करायचं, दहावं-तेरावं करायचं नाही — सगळं स्वतःच ठरवून ठेवलेलं. अंगावरचा लाल बावटा घडी करून आमच्या शशिकांतच्या हातात दिला. सरण नाही, राख नाही. जन्मभर शेतकऱ्यांचे मोर्चे काढणारा माणूस घराबाहेर पडला आणि मला नेहमीसारखंच वाटलं — येतील दौऱ्यावरून.

१५ नोव्हेंबर

अहिल्या आज हळूच म्हणाली, "आई, अख्ख्या आर. के. पुरममधली आपली माणसं भेटायला येताहेत. हे कुंकू... बिल्कुल बरं नाही दिसत." सून चांगली आहे. वाईट वाटून बोलली.

नाही पुसणार! एकदा पुसलंय.

१६ नोव्हेंबर

तिला काय माहीत. एकोणपन्नास साली कुळांनी जमीनदाराला खंड द्यायचं बंद केलं, यांच्यावर वॉरंट निघालं, हे भूमिगत झाले. पोलीस रोज दारात. मग यांचाच निरोप आला — मी मेलो म्हणून सांग. सांगितलं! कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, ऊर बडवून घेतला. पुरुषमंडळींनी नदीवर दहावं घातलं. जमादार पहाऱ्याला उभा. आणि म्हणे पिंड ठेवल्याठेवल्या कावळा शिवला! पोलीस यायचे थांबले.

दोन वर्षं मी जिवंत नवऱ्याची विधवा. हळदीकुंकवाला निघालेल्या बायका माझं दार चुकवून जायच्या. कुणाला सांगायची सोय नाही. मग एक दिवस हे दाढी वाढवून मागच्या दारानं आले आणि हसतच सुटले — "कावळासुद्धा आपलाच कॉम्रेड निघाला!"

हा किस्सा यांनी जन्मभर सांगितला. मला एकदाही हसू आलं नाही.

१९ नोव्हेंबर

मागच्या दाराची कडी काढून ठेवते. शशिकांत लावतो. मी पुन्हा काढते. "आई, तू बाबांचं तोंड पाहिलंस ना?" आज विचारलंच त्यानं. पाहिलं. पण मेलेलं माणूस परत आलेलं मी पाहिलंय, त्यानं नाही.

२२ नोव्हेंबर

जिन्यात यांचा खोकला. धावत गेले. वरचे मिश्राजी होते.

२५ नोव्हेंबर

शोकसभा झाली. हिंदुराव मुद्दाम आले — हे भूमिगत असताना यांचे निरोप आणणारे सोबती, आता माजी आमदार. उतरलेत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात. क्रांतीला आता गरम पाणी लागतं! भाषणात त्यांनी कावळ्याचा किस्सा सांगितला. सगळे हसले. शोकसभेत!

नंतर घरी आले. अहिल्यानं चहा दिला, तो तसाच निवला. माझ्या कपाळाकडे बघत होते. मग म्हणाले, "वहिनी, कावळा शिवला नव्हता."

मी निवलेला कप बाजूला सरकवला.

"बाभळीवर बसून राहिला. मी हात जोडले, वहिनींना सांभाळू म्हटलं, लढा थांबू देणार नाही म्हटलं — हलेना. जमादाराला संशय यायला लागला. मग दर्भाचा कावळा केला आणि मीच पिंडाला टेकवला."

यांना का नाही सांगितलं, विचारलं. "तात्यासाहेब इतके खूश होते त्या किश्श्यावर," म्हणाले.

२६ नोव्हेंबर

म्हणजे कावळा खोटा नव्हता. जिवंत माणसाच्या पिंडाला तो शिवलाच नाही! त्याला कळलं होतं.

कावळासुद्धा चुकतो, या ज्या भरवशावर मी कुंकू लावून बसले होते, तोच गेला. रडले आज. हिंदुरावांचा राग आला. चाळीस वर्षं गप्प बसलात, अजून थोडी कळ काढायची होती.

पण आता कावळ्याला विचारता येईल. समोरच्या पाण्याच्या टाकीवर एक रोज बसतो.

यांना आवडणार नाही. न आवडू दे. जन्मभर यांच्याच मनासारखं केलं.

२८ नोव्हेंबर

भात केला. झाकून ठेवला. संध्याकाळी आंबला. अहिल्यानं पातेलं घासायला टाकलं.

भीती वाटते.

२९ नोव्हेंबर

नाही शिवला तर दोनच अर्थ. हे जिवंत आहेत. नाहीतर गेलेत, पण मन माझ्यात अडकलंय. दोन्ही चालेल मला.

वॉरंट निघालं तेव्हा जाताना मागे वळून पाहिलं नव्हतं यांनी. पाहिलं असतं तर पाय निघाला नसता, असं नंतर म्हणाले होते. मी ते खरं धरलं. अजून धरते.

१ डिसेंबर

गॅलरीत भात ठेवला. हात मागे घ्यायच्या आत शिवला.

थोडं तरी थांबायचं होतं यांनी.