मुसळं दोन, दाणा एक

सोलापूर,
संक्रांतीनंतरचा रविवार, १९७९

चिरंजीव जालिंदर यास थोरला भाऊ जोतीराम याचा पोटभर आशीर्वाद. (पोटभर हा शब्द सहज पडलेला नाही. का ते पुढे येईलच, धीर धर.) तुझी तब्येत कशी आहे? कुवेतात थंडी पडते का, आणि पडली तर पांघरायला आपल्या सोलापूरची चादर आहे ना, की तिथं जाऊन दुसऱ्या कुणाची घेतलीस? आईची तब्येत ठीक. गुडघे तिच्या म्हणण्याप्रमाणे गेले, आणि आमच्या म्हणण्याप्रमाणे जागच्या जागी आहेत; गड्ड्याच्या जत्रेत ती माझ्यापुढं चालत होती. तुझी वहिनी वच्छला मजेत. मी मात्र मजेत नाही, आणि त्याला कारण तू. इतक्या लांब बसून घरात काडी कशी टाकावी हे तुझ्याकडून शिकावं.

आठवतंय का, दिवाळीला तिकडं निघालेल्या एका माणसाबरोबर आम्ही तुला शेंगा चटणीचे दोन डबे धाडले होते? एक आईच्या हातचा, एक वच्छलाच्या हातचा. डबे दोन्ही सारखे, बिस्किटांचे, वरती तेच गुलाबी फुलांचं चित्र. तू काय लिहिलंस? ‘चटणी फार छान झाली होती, एक डबा तर खोलीवरच्या पोरांनी बघता बघता फस्त केला.’ अरे शहाण्या, कुठला डबा? एवढं शिकलास, विमानात बसलास, आणि एक शब्द जास्त लिहायला शाई संपली का तुझी? ते पत्र मी ओसरीवर मोठ्यानं वाचलं. आई म्हणाली, “माजाच आसंल.” वच्छला आतून म्हणाली, “असंल की, आमच्या बार्शीला काय चटणी करतात व्हय!” झालं. त्या दिवसापासून सासू-सुनेचं बोलणं बंद. आई मागच्या अंगणात चुलीवर, वच्छला आत स्टोव्हवर. उखळ आईनं ताब्यात घेतलं, मुसळासकट. तर चार दिवसांनी बार्शीहून वच्छलाचं माहेरचं मुसळ आलं. कसं आलं? एस.टी.च्या टपावरून. गाडीवर कंडक्टर कोण? मी. माझ्याच घरात भांडायला निघालेल्या मुसळाचं लगेज तिकीट मी माझ्या हातानं फाडलं, जालिंदर.

आता दोन चुली म्हणजे दोन जेवणं, आणि जेवणारं तोंड एक. आईकडं ज्वारीची भाकरी, पिठलं, चटणी. ते नको म्हटलं की आई म्हणते, “बायकूचं खाऊन आलास व्हय?” म्हणून खायचं. मग आत वच्छलाकडं चपाती, भाजी, चटणी. ते नको म्हटलं की ती काहीच म्हणत नाही, नुसती भांडी आपटते. म्हणून तेही खायचं. इथवर ठीक होतं, पण तिसरं जेवण तुझं आहे. तू गेल्यापासून आई दोन्ही वेळेला पहिलं ताट तुझं वाढते. चुलीतली पहिली भाकरी तुझी. ते ताट झाकून ठेवते, सगळ्यांचं होईस्तोवर थांबते, आणि मग माझ्याकडं बघून म्हणते, “आन्न हाय, वाया कशाला घालवायचं, खाऊन टाक.” मी खाऊन टाकतो. तू तिथं परदेशात वाळत असशील, इथं तुझ्या नावानं मी फुगतोय. भरलेल्या गाडीत पुढून मागं जायला मला पूर्वी वैरागपर्यंतचा रस्ता पुरायचा, आता बार्शी येते तरी मी मधल्या सीटपाशीच अडकलेला असतो, आणि मागची मंडळी बिनतिकिटाची उतरू नयेत म्हणून ड्रायव्हरला गाडी थांबवावी लागते. परवा एक म्हातारी मला चिकटून उभी होती. म्हणाली, “मास्तर, तुमी तरी खाली उतरा की, जागा हुईल.” शर्टाचं बटण तर चालत्या गाडीत उडालं आणि एका गुरुजींच्या चष्म्यावर बसलं.

अशा दिवसांत तुझ्याबरोबर कामाला असलेला निंगप्पा रजेवर आला आणि तू पाठवलेला टीव्ही नि ती खेळाची पेटी घेऊन दारात उभा राहिला. आपल्या घरी अक्कलकोटला जायचं सोडून भला माणूस आधी इथं आला. गल्लीत बातमी पसरली. आईनं टीव्हीला हळदकुंकू वाहिलं (काचेवरचं कुंकू अजून निघालेलं नाही, त्यामुळं पडद्याच्या कोपऱ्यात कायमचा सूर्योदय आहे). शेजारचे तिप्पण्णा, ज्यांनी गिरणीतून निवृत्त झाल्यावर रेडिओ उघडून बंद न करण्याचा छंद लावून घेतलाय, ते स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर. टीव्ही लावला. आता टीव्हीचं केंद्र अजून सोलापूरपर्यंत पोचलेलं नाही हे तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, पण गल्लीला कोण सांगणार? सगळी गल्ली बसून मुंग्या बघत राहिली. खर्रर्र आवाज आणि मुंग्या. अर्ध्या तासानं समोरच्या सोनाबाई डोळे पुसत उठल्या, म्हणाल्या, “लई छान हाय, पर गोष्ट काय कळली न्हाय.”

मग तिप्पण्णांनी ती तुझी खेळाची पेटी जोडली. मुंग्या गेल्या, पडदा काळा झाला. डावीकडं एक उभी पांढरी रेघ, उजवीकडं एक उभी पांढरी रेघ, आणि मधे एक पांढरा ठिपका इकडून तिकडं. पेटीवरची बटणं फिरवली की रेघा वरखाली होतात, ठिपका रेघेवर आपटला की टॉक असा आवाज. मी आईला समजावलं, की हा टेनिसचा खेळ आहे, तो चेंडू आहे. आई जवळ जाऊन बघून आली. “चेंडू चौकोनी आसतुया व्हय?” आता ठिपका होता खरा चौकोनी. मग तिनं पुन्हा निरखून पाहिलं, कान दिला. टॉक, टॉक. आणि तिचा चेहरा उजळला. “आरं, ही तर मुसळं हायती. आन् त्यो सालं काढलेला शेंगदाणा. कांडायला घावंना म्हणून पळतुया बघ.”

झालं, टेनिस तिथंच संपलं. सगळ्या गल्लीला खेळ एका क्षणात कळला. मघाशी जांभया देणारी माणसं “धर, धर, दाणा चालला” म्हणून ओरडायला लागली. आईनं डावीकडचं मुसळ हातात घेतलं. उजवीकडचं कोण घेणार? मी पुढं झालो तर पोट पेटीला लागून बटण आपोआप फिरायला लागलं, म्हणून मला बाद केलं. तिप्पण्णांना आईनं उभंच केलं नाही, “गड्याला काय कळतंय कांडायचं” म्हणाली. एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून वच्छला आली, पदर खोचला, कुणाकडं न बघता उजवीकडं येऊन बसली आणि बटण धरलं. कितीक दिवसांनी त्या दोघी एका सतरंजीवर बसल्या होत्या.

काय खेळल्या म्हणून सांगू! दात-ओठ खाऊन. बोलणं बंदच, पण बटणं बोलत होती. चार दिवस हा प्रकार चालला. पाचव्या दिवशी ऐन मोक्याला आई म्हणाली, “थांब की गं, पदर सुटलाय माजा.” आणि वच्छला म्हणाली, “थांबले, तुमी घ्या नीट.” मी भिंतीआडून ऐकलं, डोळ्यांत पाणी आलं. पण ते आनंदाचं पाणी फार टिकलं नाही, कारण त्याच दिवशी माझ्या ध्यानात आलं की चूल गार आहे आणि स्टोव्हही गार आहे. तीन जेवणांवरून मी एकदम शून्यावर आलो. पिठाच्या परातीत कणीक अर्धी मळून तशीच, आणि ओसरीवर टॉक टॉक. आठवडाभर मी स्टँडवरची भजी खाऊन काढला. शर्टाची बटणं लागायला लागली, एवढाच फायदा.

अशाच एका संध्याकाळी डबल ड्यूटी करून घरी आलो. भुकेनं जीव कासावीस. आईच्या मुसळाच्या बाजूनं एक दाणा निसटला, पडद्याबाहेर गेला, आणि आईनं वळून मला विचारलं, “जोती, हितनं सुटलेला दाणा जातो कुटं रं?” मी चिडलेलोच होतो. म्हटलं, “जातो कुवेतला, जालिंदरच्या पोटात. आम्ही इथं उपाशी.” आणि तांब्या आपटून नळावर गेलो. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवसापासून आई हरायला लागली. साधंसुधं नाही, सगळे डाव. वच्छला आधी लई खूश. नळावर गिरिजाबाईला सांगून आली, की बार्शीच्या मुसळापुढं टिकाव लागत नाही कुणाचा. मग तिला काळजी वाटायला लागली. “अवो, आत्यांना दिसंना झालंय वाटतं. दाणा समोरून जातो तरी हात हलत न्हाय.” तिनंच माझ्यामागं लागून आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं, हात धरून, रिक्षातून. डॉक्टरांनी आईला तपासलं, मग मला एक पाटी वाचायला लावली, आणि म्हणाले, म्हातारीचे डोळे उत्तम आहेत, चष्मा लागलाय तो तुम्हाला. तो आता माझ्या नाकावर आहे.

त्या संध्याकाळी वच्छलानं पडद्याकडं बघणं सोडलं आणि आईकडं बघत खेळली. दाणा आला की आई मुसळ हळूच वर घेत होती, वाट मोकळी करून देत होती, आणि ओठांतल्या ओठांत म्हणत होती, “जा बाबा, जा. दमानं जा.” वच्छला आत आली, स्टोव्हपाशी बसली. मला वाटलं, पुन्हा भांडण. तर ती रडत होती. म्हणाली, “आवो, आत्या दाणं भाऊजींना धाडत्यात.” मी आपला पंपानं स्टोव्हला हवा भरत बसलो. तो पेटलेलाच नव्हता.

आणि दुसऱ्या दिवशी काय झालं ऐक. वच्छलानं बटण धरलं, दाणा तिच्याकडं आला, आणि तिनं आपलं मुसळ वर घेतलं. दाणा गेला. मग आईकडून गेला. मग तिच्याकडून. टॉक आवाज ऐकूच येईना. दोघी मांडीला मांडी लावून बसलेल्या आणि दोन्हीकडून दाणे चाललेत. तिप्पण्णांचा संताप बघायला हवा होतास. “अय्यो, दोघंबी हरायला बसलात तर खेळ कसला हो हा!” म्हणून ते उठून गेले, आणि त्या रागात स्वतःचा रेडिओ त्यांनी प्रथमच बंद केला.

काल सकाळी मागच्या अंगणात आवाज आला. टॉक, टॉक. मी म्हटलं, टीव्ही बाहेर नेला की काय! जाऊन बघतो तर उखळात दाणे भाजलेले, लसूण, तिखट, मीठ, समोरासमोर दोघी उभ्या, एकीचं मुसळ खाली तेव्हा दुसरीचं वर. एकाच उखळात. आई म्हणत होती, “दम धर की गं, तेल सुटू दे.” मी हळूच चिमूटभर चटणी उचलली तर दोघींनी मिळून हाकललं. चूल आता एकच पेटते, जेवण एकच होतं, आणि मी माणसात आलो आहे. तुझं ताट तेवढं अजून पहिलं वाढलं जातं.

निंगप्पा परवा निघतोय. त्याच्याबरोबर हे पत्र आणि चटणीचा डबा देत आहे. जपून राहा, वेळेवर झोप, वरचेवर पत्र टाकत जा. सगळ्यांचा आशीर्वाद आहेच.

तुझा,
जोतीराम

ता. क. — डबा या वेळी एकच आहे. कुणाचा ते विचारू नकोस, आणि जुन्या दोनातला कुठला संपला होता तेही मरेपर्यंत सांगू नकोस. चटणी छान झाली, एवढंच लिही. पूर्वी जे चुकलास तेच आता मुद्दाम चूक.

ता. क. २ — वहिनी म्हणते, पेटीचे सेल संपत आलेत, इथं मिळतात ते टिकत नाहीत. येणाऱ्या कुणाबरोबर तरी धाड.

ता. क. ३ — वरचं सगळं पत्र आत्ता आईला वाचून दाखवलं. म्हटलं, तू त्या दाण्यांचं ऐकून हसशील. तर आई म्हणाली, “मला काय येडी समजतुस व्हय? काचंतनं दाणं कुवेतला जात न्हाईत, येवडं मला बी कळतंय. पर आपून आडवायचं कशाला?” आणि उठून तुझं ताट वाढायला गेली. जालिंदर, रजा मिळव आणि ये. हुरड्याचे दिवस आहेत, जमलं तर आत्ताच ये. तुझा वाटा तू खा. मला तो आता जात नाही रे, आणि पोट भरलंय म्हणून नव्हे.