धनुष्याला लावलेला पाय

तीर्थरूप आबा,

लांबूनच पाया पडते. फोन तुम्ही उचलत न्हाईसा, म्हणून पत्र.

मी बरी हाय. परदेशातलं जेवण अळणी, पण आईची चटणी अजून पुरतीया. कंबर जरा दुखतीया, तिला सांगू नका. तिचा गुडघा कसा हाय?

इथल्या स्पर्धेत नेम धरायचा नसतो, बाण किती लांब जातो तेवढंच मोजतात. प्रत्येक जातीच्या धनुष्याचा विक्रम वेगळा. माझं धनुष्य पाठीवर झोपून, तळपायांनी रेटून, दोन्ही हातांनी दोरी ओढून चालवायचं. काल माझा बाण सगळ्या बायकांच्या पुढं पडला.

पेपरातला फोटो बघून तुम्ही आईला म्हणालासा म्हणं, "पोरीनं शस्त्राला पाय लावला, घराण्याला बट्टा लावला." आबा, तुम्ही रोज उठल्यावर भुईच्या पाया पडतासा आणि मग दिवसभर तिच्यावरच उभं राहतासा की! मीबी आधी हात जोडते, मगच पाय लावते.

खंडेनवमीला धनुष्य घेऊन येणार. तुमच्या तलवारीशेजारी त्याला जागा न्हाय दिलीसा, तर अंगणात पूजा मांडीन. घरात येताना पाय धुऊन येईन, पण पायांची माफी मागणार न्हाय.

तुमचीच,
राजनंदिनी