सूनबाईच्या नावाचा डबा

॥ श्री ॥

रत्नागिरी,
८ जानेवारी १९८५

सौ. यमुताई विहीणबाई यांस कुसुमचा स. न. वि. वि.

तुमचं दिवाळीनंतरचं पत्र पोचलं, त्याला उत्तर द्यायला संक्रांत तोंडावर आली. रागावू नका. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहून मोकळी होणार होते, पण विहिणीपासून काय लपवायचं? चि. उल्काचं थोडं बिनसलं आहे.

काळजी करण्यासारखं काही नाही, पण तिलाच सारखी काळजी वाटते, हेच तर दुखणं आहे. हरिहर सोमवारी पहाटेच्या एस.टी.ने लोट्याला कारखान्यात जातो, तो शनिवारी संध्याकाळी घरी येतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दोन वर्षं हे सुरळीत चाललं होतं. डिसेंबरात भोपाळच्या विषारी वायूची बातमी आली, पेपरात ते फोटो आले, आणि तेव्हापासून हिची छाती धडधडते. तळहातांना घाम सुटतो. घास तोंडात नुसता फिरतो. दुपारी जरा डोळा लागला की कोणी हाक मारल्यासारखं होऊन दचकून जाग येते, आणि मग छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतं. लोट्यालाही केमिकलचेच कारखाने, आणि आपला मुलगा त्यातल्याच एकात.

हरिहरला मी यातलं काही सांगितलेलं नाही. डॉक्टरकडे जावं, तर या गावात मनाचं काही म्हटलं की लोक थेट वेड्यांच्या इस्पितळाचा रस्ता दाखवतात. तरण्या पोरीचं नाव कशाला निघायला हवं? तुमचे वडील नावाजलेले वैद्य होते आणि त्यांच्या हाताचा गुण तुमच्या हाताला आहे, असं उल्काच सांगते. तेव्हा झाडपाल्यातलं काही निर्धोक असेल तर पाठवावं. एकच विनंती, उल्काला याबद्दल लिहू नका. ती मानी आहे.

माझं म्हणाल तर वयाची म्हणून रोज सकाळी एक गोळी चालू असते, बाकी मी ठणठणीत. आप्पांना नमस्कार. लोभ आहेच, मी या काळजीची भर घातली म्हणून तो उणा होऊ देऊ नये.

आपली,
कुसुम

———

॥ श्री ॥

सावर्डे,
१६ जानेवारी १९८५

ती. कुसुमताईंस यमुनेचा सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि मी ओटीवर तशीच बसून राहिले. आप्पांनी विचारलं, कोण गेलं. म्हटलं, कोणी गेलं नाही, तुमची लेक घाबरायला लागली आहे. त्यांचा विश्वासच बसेना. लहानपणी छपरावर वानरांनी धुडगूस घातला तरी ही पोर कूस बदलत नसे. विहिरीवर साप निघाला तेव्हा बाकीची मुलं पळाली आणि ही काठी शोधत होती. शाळेची नोकरी असताना तिला दुपारी झोपायला कधी मिळतं तेही मला उमगलं नाही. असो. लग्नानंतर जीव दुसऱ्यात गुंततो, मग काळीजही बदलत असेल.

चिपळूण-रत्नागिरी गाडीच्या महिपत ड्रायव्हरबरोबर पितळी डबा पाठवत आहे. स्टँडवर तुमचं नाव सांगून घ्यावा. त्यात ब्राह्मीचं तेल आहे, ते रोज टाळूवर जिरवावं. जायफळ आहे, ते निजताना कपभर कोमट दुधात उगाळून द्यावं, पण दोनच वेढे, जास्त नको. तूप आहे आणि माझ्या आईची काशाची वाटी आहे. तळपायांना तूप लावून वाटीने पावलं घासावीत, वाटीचं बूड काळं होईपर्यंत. हे आपलं आपण करायचं नसतं. दुसऱ्याने घासावं, त्यातच अर्धा गुण आहे, असं वडील म्हणत. तुम्ही सासू, सुनेच्या पायांना कुठे हात लावणार? धुण्याभांड्याच्या सखूला सांगावं.

लाल दोऱ्याने बांधलेल्या पंधरा पुड्या आहेत त्या सर्पगंधेच्या मुळीच्या. हे औषध लाडाने द्यायचं नव्हे. रात्री एक, पंधरा दिवस, मग बंद. तेवीस वर्षांची धडधाकट मुलगी आहे म्हणूनच पाठवते. आणि संकोच न धरता विचारते, काही गोड बातमी तर नाही ना? तसं असेल तर पुड्या मुळीच देऊ नका, मला कळवा, मी पेढे घेऊनच येते.

डब्यात तिळगूळही आहे. तो खाऊन गोड बोलावं आणि माझ्या लेकीवर माया आहे ती तशीच ठेवावी, एवढंच मागणं.

तुमची,
यमुना

———

रत्नागिरी,
३ फेब्रुवारी १९८५

ती. सौ. आईस उल्काचा शि. सा. न. वि. वि.

शाळेच्या पत्त्यावर टाकलेलं तुझं अंतर्देशीय मिळालं. सासूबाईंनी लिहू नका म्हणून सांगितलं होतं आणि तू चांगली दोन आठवडे कळ काढलीस, याबद्दल तुझं कौतुक करायला हवं. वाचून ठरवलं, आहे ते कबूल करावं. होय, मला घाबरायला होतं. आप्पांना सांग, लेक घाबरट निघाली म्हणून तोंड पाडू नका.

तुझ्या तेलाचा वास घरभर झाला आहे. जायफळाचं दूध चुकत नाही. काशाची वाटी तर रोज चालते. कोण कोणाचे पाय घासतं ते विचारू नकोस, सखूला काम पडलेलं नाही एवढंच सांगते. सुरुवातीला लाजायला झालं, आता वाटी काढायला उशीर झाला तर चुकल्यासारखं वाटतं. घरात जेवण चार घास जास्त जातं. आजीच्या वाटीचे फार उपकार आहेत.

गोड बातमी नाही. पेढे तू आणि आप्पाच खा. आणि सासूबाईंना याबद्दल उलटसुलट काही विचारू नकोस. त्यांनी आपुलकीने लिहिलं, ते त्यांच्यापाशीच राहू दे. माझ्यावर रागावलीस तरी पत्र लिहायचं मात्र थांबू नकोस.

तुझी,
उल्का

———

॥ श्री ॥

सावर्डे,
१२ एप्रिल १९८५

ती. कुसुमताईंस सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. पुड्या संपल्या, आणखी हव्यात, हे वाचून बरं वाटलं नाही. पंधरा दिवसांचं औषध म्हणून दिलं, फेब्रुवारीत पुन्हा पाठवलं, आणि आता ही तिसरी खेप. महिपत भाऊंबरोबर पाठवते आहे, पण या शेवटच्या. उल्काच्या पत्रात तेल आहे, दूध आहे, वाटी आहे, पुड्यांचं मात्र अक्षर नाही. चुकवते की काय, जरा पाहावं.

आप्पांनी आता मनावर घेतलं आहे. शाळेला सुट्टी लागली की मे महिन्यात ते उल्काला न्यायला येतील. इकडे राहील, चिपळूणच्या डॉक्टरांना दाखवू. आप्पा तर म्हणतात की इतक्या औषधांनी उतार पडत नसेल तर जावईबापूंनी नोकरी बदलावी, तोवर मुलगी आमच्याकडे राहील. मी त्यांना म्हटलं, कुसुमताई एकट्या पडतील. पण बापाचं काळीज, ऐकत नाही. तुमच्याकडे तिला काही कमी आहे म्हणून हे लिहिते असं मनात आणू नका. गैरसमज झाला तर तो मला सोसवायचा नाही.

तुमची,
यमुना

———

रत्नागिरी,
२३ एप्रिल १९८५

ती. सौ. आईस शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाच, सासूबाई आता बऱ्या आहेत. कालच घरी आणलं. आता बाकीचं लिहिते.

शनिवारी सकाळी आम्ही पडवीत आंब्याची आढी लावत होतो. सासूबाई वाकून गवतात फळं मांडत होत्या. उठून उभ्या राहिल्या आणि तशाच खाली कोसळल्या. हात गार, ओठ पांढरे, नाडी सापडेना. शेजारच्या विठूभाऊंच्या रिक्षातून दवाखान्यात नेलं. रक्तदाब फार खाली गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, काय घेतलं होतं. सासूबाई म्हणाल्या, चहा. त्यांनी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा चहाच. मग माझ्याकडे पाहिलं आणि कनवटीची पुडी काढून माझ्या हातात ठेवली. लाल दोरा पाहिला आणि मी तुझा हात ओळखला.

आई, मी तुला फसवलं. छाती धडधडत होती ती सासूबाईंची. त्यांच्या उशीला ब्राह्मीचा वास यायला लागला तेव्हाच मला अंदाज आला होता, आणि तुझं पत्र आल्यावर बाकीचंही कळलं. सुनेच्या माहेरी सासू घाबरट ठरू नये म्हणून त्यांनी माझं नाव पुढे केलं होतं. मला वाटलं, माझ्या नावाने त्यांना औषध मिळत असेल तर मिळू दे, माझं काय जातं? दूध मी करत होते, पाय मी घासत होते. पण पुड्या त्यांनी मेतकुटाच्या बरणीमागे लपवल्या होत्या, तुझ्या पत्रातही त्यांचा उल्लेख नव्हता, त्यामुळे त्यांचं मला ठाऊक नव्हतं. एकीने भागेना म्हणून हल्ली रोज दोन घेत होत्या. आणि सकाळची ती वयाची गोळी म्हणजे रक्तदाबाची. डॉक्टर म्हणाले, त्या गोळीतही याच मुळीचा अर्क असतो. म्हणजे एकच औषध दोन्हीकडून पोटात जात होतं, तू नेमून दिलेल्याच्या दुप्पट आणि वर गोळी.

ते रागावले, पण मुळीवर नाही. म्हणाले, गोळी देणाऱ्याला पुडीची खबर नाही आणि पुडी देणाऱ्याला गोळीची नाही, मग औषधाने तरी काय करावं? मी खरं लिहिलं असतं तर तू पहिल्यांदा त्यांचं वय आणि गोळी विचारली असतीस. ही चूक माझी. तू स्वतःला लावून घेऊ नकोस, आणि सासूबाईंवर रागावू नकोस. आप्पांना मला न्यायला येऊ देऊ नकोस. त्यांना भेटायला मात्र पाठव.

तुझी,
उल्का

———

॥ श्री ॥

रत्नागिरी,
५ मे १९८५

सौ. यमुताईंस कुसुमचा साष्टांग नमस्कार. वयाने मी मोठी आहे, तरी या खेपेला साष्टांगच.

तुमचं चारपानी पत्र आलं. त्यात तुम्ही माझी क्षमा मागितली आहे. ही उलटी गंगा झाली. माझं जानेवारीतलं पत्र ठेवलं असेल तर काढा, आणि त्यात जिथे जिथे उल्का आहे तिथे कुसुम वाचा. मग कोणी कोणाची क्षमा मागायची ते आपोआप कळेल. हरिहरचे वडील गेले तेव्हाही मी चार माणसांत डोळे पुसले नव्हते. असल्या बाईने आता सुनेच्या माहेरी लिहायचं कसं, की मला पेपर वाचून घाम फुटतो? म्हणून जी समोर होती तिचं नाव लिहून टाकलं. त्या पोरीने ते तीन महिने आपल्या आईबापांपुढे मिरवलं आणि माझ्यापुढे एका शब्दाने काढलं नाही.

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आहे. पुड्या बंद. दोन वेढ्यांच्या जायफळाला आणि तेलाला हरकत नाही म्हणाले, पण यापुढे डब्यात काय येईल ते आधी त्यांना दाखवायचं. धडधडीबद्दलही मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. ते हसले नाहीत आणि त्यांनी मला वेड्यांच्या इस्पितळाचा रस्ताही दाखवला नाही. त्यांनी सांगितल्याप्रमाणे हरिहरने माझ्यापुढे बसून कारखान्यात भोंगा कधी होतो, तोंडाला काय बांधतात, कुठल्या दिशेने पळायचं, सगळं सांगितलं. आजवर तो काही होत नाही गं, एवढंच म्हणायचा. आता भीती गेली असं नाही, पण तिला हद्द आली. दर बुधवारी त्याचं एक कार्ड येतं.

पण हे पत्र मी वेगळ्याच कारणासाठी लिहायला घेतलं. परवा तिन्हीसांजेला उल्का शाळेचे पेपर तपासून पडवीत पाय पसरून बसली होती. दवाखान्याच्या धावपळीने तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. मी तूप आणि वाटी आणली आणि तिचं पाऊल मांडीवर घेतलं. तिने ओढून घेतलं. म्हणाली, मला पाप लागेल. मी म्हटलं, डबा तुझ्या नावाने आला होता, तुझ्या आईने लिहिलं आहे, दुसऱ्याने घासावं. मग तिने पाय ठेवला आणि थोड्या वेळाने रडायला लागली, रडता रडता मनातलं बोलली. यमुताई, हरिहर माझा मुलगा तसा तिचा नवरा. दर सोमवारी तो जातो तेव्हा तिच्या छातीत काय होतं, हे चार महिन्यांत माझ्या एकदाही मनात आलं नाही. धडधड, घाम, तोंडात फिरणारा घास, मी खोटं म्हणून जे जे तिच्या नावावर लिहिलं ते सगळं तिला होत होतं. माझं मोठं म्हणून तिने आपलं सांगितलं नाही.

वाटीचं बूड काळं होईपर्यंत घासलं. ती तिथेच आढीच्या उरलेल्या गवतावर कलंडून झोपली. नंतर आंब्यांच्या वासाने वानरं आली, छपरावर चांगला धुमाकूळ घातला, दोन कौलं फोडली. तिने कूस बदलली नाही. मी तिच्याजवळ बसून होते.

आप्पा भेटून गेले, मुलीला न नेता गेले, त्यांचे उपकार. तुमची मुलगी मला दिलीत त्याचे कसे मानायचे ते मला येत नाही. डबा आंबे भरून महिपत भाऊंबरोबर परत पाठवते आहे. तूप संपत आलं आहे. लोभ असेल तर तो तुपासकट यावा, आणि या खेपेला डबा आम्हा दोघींच्या नावाने पाठवावा.

आपली,
कुसुम