अंघोळ घातलेलं तेल

दि. ९ जानेवारी

चि. धाकटीस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

येथील सर्व क्षेम आहे, एक इंजिन सोडून.

तुझ्या वहिनीची बस गेले दोन महिने चढावर कुरकुरते, धापा टाकते आणि काळा धूर सोडते. पहिली दोन लक्षणं मी शाळेत रोज पाहतो, व्याकरणाच्या तासाला तर सगळ्या वर्गात पाहतो, पण तिथे कोणी कोणाला खोलून बघत नाही. इथे मात्र मिस्त्री आहेत. मी त्यांना मनातल्या मनात शल्याचार्य म्हणतो. इंजिनाला साधा खोकला झाला तरी पोट फाडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी बसभोवती एक प्रदक्षिणा घातली, बॉनेटला कान लावला आणि बेअरिंग गेली, इंजिन खोलावं लागेल, पावसाळ्याच्या आत काही बस हातात येत नाही, असं जाहीर केलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला त्यांचं अभिनंदन करावंसं वाटलं.

अडचण अशी आहे की डोंगरापलीकडच्या मार्गाचा कायमचा परवाना याच मार्चअखेर ठरायचा आहे. तोवर एकही फेरी न चुकवता जी बस धावेल, आणि परिवहन कार्यालयाच्या परीक्षेच्या दिवशी भरल्या गाडीनिशी चढ चढेल, तिला मार्ग मिळणार. बस मिस्त्रींच्या आवारात उघडी पडली की मार्ग गेला. तुझी वहिनी तेव्हापासून भांडी जागेवर जरा जोरात ठेवते.

तू मागे सांगितलं होतंस की तुमच्या प्रयोगशाळेत इंजिनातलं तेल तपासून, त्यात कुठला धातू किती झिजून उतरलाय यावरून, इंजिन न उघडता आतलं दुखणं ओळखतात. वहिनीने बाटली भरून पाठवायचं काम माझ्यावर सोपवलं. बाटली सोबत आहे. आपल्या घरची वस्तू चार परक्या माणसांसमोर जाणार, म्हणून कुठेही कमीपणा येऊ दिलेला नाही.

लोभ आहेच, त्यातला थोडा तूर्त इंजिनाकडे वळवावा.

तुझा,
दादा


दि. १७ जानेवारी

ती. दादास धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

तुझी बाटली पोचली. आमच्याकडे भिंतभर मांडणी आहे, तिच्यावर ट्रकांच्या, होड्यांच्या, जनरेटरच्या बाटल्या दाटीवाटीने उभ्या असतात. सगळ्या शाईसारख्या काळ्या. त्यांच्यात तुझी एकटी मधासारखी झळकत होती. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने ती हुंगूनसुद्धा पाहिली.

आमच्या यंत्रात तेल ठिणगीत जळतं आणि त्या उजेडात प्रत्येक धातू आपापली ओळख देतो. तुझ्या तेलात कोणी ओळख द्यायलाच आलं नाही. लोखंड नावाला, शिसं नाही, तांबं नाही, काजळी म्हणावी तर काजळाच्या बोटाएवढी. आमचे साहेब अहवाल हातात घेऊन आले आणि हे इंजिन कारखान्यातून बाहेर तरी पडलंय का, असं विचारून गेले.

दादा, खरं सांग. आधी तेल बदललंस आणि मग बाटली भरलीस ना? अरे, डॉक्टरकडे जाताना अंघोळ करून जावं हे मान्य. पण म्हणून कोणी अंगातलं रक्त बदलून रक्त तपासायला जातं का? आम्हाला ते मळकंच हवं असतं. मळच तर बोलतो!

आता जुनं तेल गेलं ते गेलं. नवं तेल तीनचार आठवडे इंजिनात फिरू दे. मग बस फेरी करून आली की इंजिन गरम असतानाच, तेल मोजायच्या पट्टीच्या भोकातून स्वच्छ नळी घालून ओढून घे. थंड होऊ दिलंस तर धातूचे कण तळाशी जाऊन बसतील. गाळायचं नाही. निवळायचं नाही. दोन थेंब अत्तर टाकायचं नाही. आणि तोवर मिस्त्रींच्या हाती पाना लागू देऊ नका, वहिनीला सांग.

तुझी मळकट,
धाकटी


दि. १६ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद. वि. वि.

तुझा तर्क अचूक होता, हे लिहिताना हाताला किती कष्ट पडले ते अक्षरावरून दिसेलच.

पत्र मी वहिनीला बसच्या थांब्यावर वाचून दाखवलं, ही माझी दुसरी चूक. ती एवढी हसली की बस पाच मिनिटं उशिरा सुटली. प्रवाशांनी उशिराचं कारण विचारलं, तिने ते सविस्तर सांगितलं. परिणामी मला आता बाजारात अंघोळवाले मास्तर म्हणतात. न्हाव्याने तर काल खुर्चीत बसवताना, आतलं सगळं बदलून आलात का, असं अदबीने विचारलं.

एक सांगतो, स्वच्छतेवर तुमच्या शास्त्राचा इतका राग असेल असं वाटलं नव्हतं. दर रविवारी मी ती बस धुतो. आसनं झटकतो, काचा पुसतो, जे जे सुटं निघेल ते काढून साबणाने घासून उन्हात टाकतो. दहा वर्षं तिने रोज मला डबा भरून दिला, शाळेपर्यंत सोडलं. तिच्या गाडीसाठी मला येतं ते हे एवढंच.

असो. यावेळी सर्व विधी तुझ्या आज्ञेप्रमाणे झाला. फेरी संपताच बॉनेट उघडलं, वाफेने चष्मा आंधळा झाला, नळी घातली, ओढलं आणि पहिला घोट पांढऱ्या शर्टाने प्यायला. बाटली इतकी काळी आहे की तुझं समाधान व्हावं. मिस्त्री शेजारी हाताची घडी घालून उभे होते. तेल पाठवून इंजिन बरं होतं, तर माझा शर्ट पाठवून माझा दमा बरा करा, म्हणाले. इंजिनाची धाप वाढली आहे. गेल्या मंगळवारी शेवटच्या वळणावर सहा जणांना उतरून वर चालत यावं लागलं. वहिनी त्या दिवशी जेवताना एकदाही हसली नाही.

लोभ असावा, आणि उत्तर लवकर यावं.

अंघोळवाला,
दादा


दि. २४ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

बाटली बोलली! भडाभडा बोलली.

पहिली बातमी मिस्त्रींना वाच. बेअरिंग झिजली की तेलात शिसं आणि तांबं उतरतं. दोन्ही जेमतेम आहेत. म्हणजे बेअरिंग ठणठणीत आहे. इंजिन खोलायचं नाही.

दुसरी बातमी वहिनीला. तेलात सिलिकॉन मावेल तिथे भरलंय. सिलिकॉन म्हणजे वाळू, म्हणजे तुमच्या त्या कच्च्या रस्त्याची धूळ. तिच्याबरोबर पिस्टनचं ॲल्युमिनियम आणि रिंगांचं क्रोमियमही चढलंय. काजळीही फार आहे, म्हणजे इंजिनाला हवा पुरत नाही. आणि जी मिळते ती धुळीची. हवेच्या वाटेवर कुठेतरी भोक आहे. आत बारीक वाळू जाते आणि पॉलिशपेपरसारखी घासत बसते. झीज अजून हाताबाहेर गेलेली नाही, पण रोजच्या फेरीला वाढते आहे. वहिनीने आजच्या आज हवेच्या फिल्टरचा डबा उघडावा, नळ्या आणि त्यांचे पट्टे बघावेत. तिने स्वतः उघडावा. दादा, तू लांब उभा राहा, का ते मला सांगता येणार नाही, पण राहा.

लोभाची धाप लागू देऊ नये.

धाकटी


दि. २ मार्च

प्रिय वन्संना वहिनीचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

हे पत्र मी लिहिते आहे, कारण तुमचे बंधुराज सध्या मौनात आहेत.

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी डबा उघडला. मिस्त्री होते, कंडक्टर होता, हे लांब उभे होते. झाकण काढलं आणि आतून धुण्याच्या साबणाचा वास आला. वन्सं, हवेचा फिल्टर कागदाचा असतो. हा कागद फुगून, घड्या एकमेकींना चिकटून, कडेला चांगला चार बोटं फाटला होता. आम्ही तिघांनी एकदम यांच्याकडे पाहिलं. यांनी अगदी अभिमानाने सांगितलं की चार महिन्यांपासून दर रविवारी ते हा काढून साबणाच्या पाण्यात भिजवतात, गालिचा झोडायच्या काठीने झोडतात आणि दोरीवर वाळत घालतात. आधी किती घाण निघायची, आता बघ कसा स्वच्छ निघाला, असंही म्हणाले.

मला खूप रागवायचं होतं, खरंच. परवान्याचा घोर दोन महिने छातीवर घेऊन फिरत होते मी. पण मिस्त्री पायरीवर बसले आणि हसायला लागले. मी त्यांना इतक्या वर्षांत हसताना पाहिलेलं नाही. डोळे पुसून म्हणाले की मास्तरांनी इंजिन मारायला घेतलं होतं, पण किती प्रेमाने! मग मलाही आवरेना. कंडक्टर तर टायरला टेकला. शेवटी हेही हसले, जरा उशिरा.

नवा फिल्टर घातला, नळ्यांचे पट्टे मिस्त्रींनी स्वतः आवळले, तेल बदललं. धूर दुसऱ्याच दिवशी गेला. पुढची बाटली परीक्षेच्या आधी पाठवते, पण वन्सं, अहवाल थोडा घाईने करा. खरं सांगू का, चढावर मला अजून भीती वाटते. आत काय घासलं गेलं असेल ते डोळ्यांना दिसत नाही ना.

यांना मी आसनं आणि काचा दिल्या आहेत. बॉनेटच्या आत बंदी.

आपली,
वहिनी


दि. ३१ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद. वि. वि.

मौन सुटलं आहे. हे पत्र डोंगराच्या माथ्यावरच्या चहाच्या बाकड्यावरून लिहितो आहे, बस पंधरा मिनिटं थांबते तेवढ्यात.

तुझा अहवाल परवा पोचला. धूळ जवळजवळ नाही, लोखंड आणि क्रोमियम खाली आलं, गाडी बिनधास्त चालवा, हे तुझं वाक्य वहिनीने दोनदा वाचायला लावलं आणि तिसऱ्यांदा स्वतः वाचलं. त्या रात्री भांडी अगदी हळू ठेवली गेली.

आज परीक्षा. परिवहन कार्यालयाचे अधिकारी फाइल मांडीवर घेऊन तिसऱ्या बाकावर बसले. अर्धा गाव कामधंदा सोडून बसमध्ये चढला होता, काही जण नुसतं वजन म्हणून आलो असं सांगत होते. मिस्त्री दारात. मी काचा पुसायचं फडकं हातात घेऊन. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, शेवटचा चढ आला. वहिनीने गिअर टाकला आणि बस चढली, नुसती चढली गं! धाप नाही, धूर नाही, कोणी उतरलं नाही. वर पोचल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि वळून पाहतो तो अधिकारी गाढ झोपलेले.

वहिनी स्टिअरिंग सोडून मागे आली. त्यांनी चढ पाहिलाच नव्हता! तिने त्यांना हलवून उठवलं आणि पुन्हा खाली जाऊन पुन्हा चढून दाखवते म्हणाली. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं, माथा ओळखला, आणि म्हणाले की या रस्त्यावर चौदा वर्षं तपासणीला येतोय, वर येईपर्यंत माझा कधी डोळा लागला नव्हता, आणखी काय दाखवायचं राहिलंय? तिथेच, बॉनेटवर फाइल ठेवून सही केली. मार्ग आपला झाला!

तुझी वहिनी बसभोवती धावत एक फेरी मारून आली. मिस्त्रींनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की चहा बाकड्याने घेतला. आणि मला तिने सगळ्यांसमोर सांगितलं, की दर महिन्याची बाटली यापुढे मीच भरायची, न गाळता, न धुता. मी माझ्या आयुष्यात इतका मोठा अधिकार

हॉर्न वाजतोय. मास्तरांना घेतल्याशिवाय ही बस सुटणार नाही, असं मी आत्ताच चहावाल्याला ऐटीत सांगितलं. बस सुटली आहे. तिचा हात खिडकीबाहेर हलतोय. पळतो. लोभ