अनसूयेची नक्षी आणि पडणारी अक्षरं

मी, मधुसूदन त्र्यंबक लासूरकर, वय एकाहत्तर, निवृत्त कारकून, राहणार समर्थनगर, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत.

१. राहते घर व बँकेतील ठेवी माझी एकुलती मुलगी हिमानी हिला मिळाव्यात. स्वयंपाकघरातली गळकी तोटीही तिचीच.

२. माझे पेचकस व पकडी शेजारच्या कडुबाला. अर्धे त्याने आधीच नेले आहेत.

३. काळा लॅपटॉप. यात फक्त एम्युलेटर आहे, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत मांडलेला खोटा, जुना कॉम्प्युटर. त्यात माझी दिवंगत पत्नी अनसूया हिने लिहिलेला, पैठणीच्या पदराची नक्षी काढायचा प्रोग्रॅम आहे. तिचा भाऊ सोमनाथ पैठणच्या विणकरांना चौकटीच्या कागदावर मोर काढून द्यायचा. त्याच्यासाठी तिने तो लिहिला. एकच प्रत उरली आहे व तिला व्हायरस लागलेला आहे. प्रोग्रॅम चालू झाला की पडद्यावरची अक्षरं एकेक करून खाली पडतात.

४. हिमानी म्हणते, बाबा, अँटिव्हायरसने साफ करून टाकू. करू नये. १९९५ साली एका दुरुस्तीवाल्याने असेच साफ केले होते; रोगाबरोबर रोगीही गेला. एम्युलेटरमध्ये फारसा धोका नाही, पण तो म्हणजे तिजोरी नव्हे. म्हणून अटी: इंटरनेट बंद ठेवावे, बाहेरचा एकही फोल्डर आत जोडू नये, मूळ प्रत जपून नेहमी नकलेवरच चालवावे व नंतर नक्कल पुसावी. या लॅपटॉपवर दुसरे काही ठेवू नये, लग्नाचे फोटोही नाहीत.

५. आता माझा गुन्हा. त्या पंचाण्णवच्या उन्हाळ्यात सोमनाथ नक्षी न्यायला फ्लॉपी घेऊन आला, आणि त्याच आठवड्यात अक्षरं पडू लागली. अनसूया घरी घ्यायची त्या कॉम्प्युटर क्लासमधल्या मुलींसमोर मी त्याला सुनावले की या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. तो एवढंच म्हणाला, "दाजी, माझी फ्लॉपी कोरी व्हती." भाऊबीजेला भावाने बहिणीकडे यायचं असतं. आमच्याकडे अठ्ठावीस वर्षं बहीणच ताट घेऊन एकटी एसटीने पैठणला गेली. मला कधी एका शब्दाने बोलली नाही.

६. ती गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून मी माळ्यावरच्या फ्लॉप्या काढल्या. त्यात माझी एक होती, पत्त्यांच्या खेळाची, कचेरीतल्या मित्राकडून आणलेली. आणली त्याच दिवशी, चौऱ्याण्णवच्या दिवाळीत, मी तिच्या खाचेवर तारीख घालून पट्टी चिकटवली होती. पट्टी असली की फ्लॉपीवर नवं काही उतरत नाही. पट्टी जशीच्या तशी होती. कोऱ्या एम्युलेटरमध्ये तो खेळ लावला. तिसऱ्या डावाला अक्षरं पडू लागली. म्हणजे सोमनाथ येण्याच्या सहा महिने आधीच तिच्यात रोग होता; तो माझ्याच खिशातून घरात आला होता.

७. लॅपटॉप सोमनाथला मिळावा. हिमानीने भाऊबीजेला त्याला घरी बोलवावे व माझ्या वतीने माफी मागावी.

८. सातवे कलम लिहून दोन दिवस झाले. लाज वाटते. माफी मागायची ती मुलीच्या तोंडून, आणि तीही मेल्यावर! येत्या भाऊबीजेला लॅपटॉप घेऊन मी स्वतः पैठणच्या एसटीत बसणार आहे. त्याने दार लावून घेतलं तर पायरीवर बसेन. त्याआधी मी गेलो तरच सातवे कलम लागू.

९. सोमनाथलाही एक अट. प्रोग्रॅम बंद करताना पडद्यावर "येते हं" असं उमटतं. आपल्यात जाते म्हणत नाहीत, म्हणून अनसूयेने तसं लिहिलं. तीही अक्षरं पडतात. शेवटचं पडेपर्यंत लॅपटॉप मिटू नये. मी रोज थांबतो. तिच्या वेळी दवाखान्यात थांबलो नव्हतो, चहाला गेलो होतो.

वरील मजकूर माझ्याच हातचा असून दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

मधुसूदन त्र्यंबक लासूरकर (सही)

साक्षीदार: १. विश्वजीत सांडू (सही)
२. करुणा धोंडिबा साळवे (सही)

छत्रपती संभाजीनगर, १२ ऑक्टोबर २०२५