दोन चौकटींच्या मधली जागा

एलोवित्सा, ९ ऑक्टोबर

ती. राइनामावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि तेवढ्यावरही तू रागावतेस, म्हणून पत्र लिहिते. आई बरी आहे. बटाटे काढून झाले. घरात बटाटा किसून पातातनिक भाजलं की कडेचा कुरकुरीत तुकडा आई अजून तुझ्या नावानं बाजूला काढते आणि मग स्वतःच खाते.

आता बातमी. आमच्या वाचनघराला टॅब आणि प्रोजेक्टर मिळालाय. शाळा दर गुरुवारी चौथीचा वर्ग माझ्याकडे पाठवते आणि आम्ही डिजिटल चित्रकादंबरी वाचतो. मी एकेक चौकट भिंतीवर मोठी करते, मुलं आळीपाळीनं पात्रांच्या तोंडच्या फुग्यांतली वाक्यं वाचतात. पुस्तक दिसलं की ज्याचं पोट दुखायचं तो आस्पारुख आता स्वतःहून हात वर करतो. गोष्ट साधीच आहे: डोंगरातलं गाव, बर्फ, आणि खिंडीपलीकडे गेलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी.

एकच खुपतं. वर्गात कालिना आहे, जंगलखात्यातल्या दोब्रीची मुलगी. पहिली संपता संपता आलेल्या तापात तिची दृष्टी गेली. बाकीची पोरं भिंतीकडे बघतात आणि ही शेगडीपाशी मांडीवर हात ठेवून बसते. तिची मैत्रीण वेसा कानाशी लागून काहीबाही सांगत असते. मी हिला बसवावं की नको? तू आयुष्यभर वर्ग सांभाळलेस, तूच सांग.

गुडघ्याला ऊब दे, आणि माझ्यावरचा लोभ जरा वाढव.

तुझी,
झोर्नित्सा

प्लॉवदिव, १६ ऑक्टोबर

चि. झोर्नित्सा हिस,
अ. उ. आ.

मी मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या आणि माझी भाची त्यांना फुगे वाचायला लावते. तुझ्या आईनं तुला लाडावलं, दुसरं काय. चित्रं बघण्याला वाचन म्हणायचं असेल, तर माझी मांजरसुद्धा खिडकीत बसून दिवसभर वाचत असते.

थट्टा बाजूला ठेवते. आंधळ्या पोरीला चित्रांसमोर बसवणं मला क्रूर वाटतं. तिला दुसऱ्या खोलीत ने आणि एखादं चांगलं पुस्तक मोठ्यानं वाचून दाखव. तिलाही मान राहील, तुलाही झोप लागेल.

आईला सांग, कुरकुरीत तुकड्यांचा हिशेब मी येऊन घेईन. रागावले असले तरी माया पातळ झालेली नाही.

तुझी मावशी,
राइना

एलोवित्सा, ६ नोव्हेंबर

ती. राइनामावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकून मी कालिनाला दुसऱ्या खोलीत नेणारच होते. त्याच गुरुवारी जे घडलं, ते अजून माझ्या मनातून जात नाही.

भिंतीवर दोन चौकटी होत्या. पहिलीत त्या मुलीची आई खिडकीशी उभी आहे, टेबलावर दोन कप. दुसरीत तीच आई, तीच खिडकी, पण कप एकच. आस्पारुख हसायला लागला, म्हणाला की चित्रकार विसरला. सगळा वर्ग हसला. वेसानं ते कालिनाला सांगितलं, आणि शेगडीपासून आवाज आला:

“विसरला नाही. दोन चित्रांच्या मध्ये तिला कळलं, की तो येणार नाही.”

मावशी, वेसा धावत भिंतीपाशी गेली आणि तिनं दुसऱ्या चौकटीतल्या मागच्या फळीवर बोट ठेवलं. दुसरा कप तिथं धुऊन पालथा घातलेला होता. ते पान मी कितीदा वाचलंय, पण मला तो कधी दिसला नव्हता.

त्या दिवसापासून मुलं चौकट आधी कालिनाला सांगायला लागली. नुसतं माणूस, घर, झाड म्हणून तिचं भागत नाही. तो कुठं बघतोय, दार कितपत उघडं आहे, असं ती विचारते. उत्तर द्यायचं म्हणून मुलं अशी बघतात, की मी त्यांच्याकडेच बघत राहते.

आणि मग एक दिवस दोब्री तिला न्यायला लवकर आला. दारात उभं राहून त्यानं हे ऐकलं, तिचा कोट उचलला आणि बाहेर मला सुनावलं, की पोरीला जे कधी मिळायचं नाही त्याची आस तिला का लावतेस. तेव्हापासून ती आलेली नाही. शाळेतून सरळ घरी जाते, दार बंद. वेसाच्या शेजारची खुर्ची रिकामी असते आणि वर्ग पुन्हा भराभर पानं सरकवतो.

दोब्री तुझ्या हाताखाली शिकलाय. तू येशील का? वाटेतल्या थंडीची धास्ती वाटते, तरी विचारते.

तुझीच,
झोर्नित्सा

एलोवित्सा, २१ नोव्हेंबर

ती. राइनामावशीस,
सा. न. वि. वि.

हे वागणं झालं का? माझ्याकडून टॅब मागून दोब्रीच्या घरी गेलीस आणि तिथूनच परस्पर बस पकडलीस. आई पातातनिक झाकून वाट बघत बसली.

काल दोब्री कालिनाला घेऊन आला. टॅब माझ्या हातात दिला आणि मागच्या बाकावर बसला. एका चौकटीची पाळी आली तेव्हा उठला, टोपी हातात धरून त्यानं ती सांगितली आणि खाली बसला. कोणी हसलं नाही. घरी काय झालं म्हणून मी विचारलं तर म्हणाला, बाईंना विचार. म्हणून विचारते. उलट टपाली कळव, नाहीतर लोभाचं काही खरं नाही.

झोर्नित्सा

प्लॉवदिव, २८ नोव्हेंबर

चि. झोर्नित्सा हिस,
अ. उ. आ.

लिहायला बसले आणि चहा गार झाला, तरी सुरुवात सुचत नव्हती.

मी काही केलं नाही ग. दोब्रीनं चहा दिला, मान खाली घालून बसला. त्या घरात रेडिओ तेवढा बोलत होता. मी त्याला सांगितलं की मला हे यंत्र चालवता येत नाही, हे तर खरंच आहे, तेव्हा तूच पानं सरकव आणि काय दिसतं ते पोरीला सांग. शाळेत धडा वाचायला उठवलं की जसा उठायचा, तसाच नाइलाजानं वाकला. म्हणाला, झाड आहे. कालिनानं विचारलं, कसलं? तो म्हणाला, आपल्या मागच्या उतारावर होतं तसलं, तू चढून बसायचीस ते. तिचे डोळे गेल्यापासून त्या झाडाचं नाव घरात कोणी काढलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. ती म्हणाली, पुढे सांग.

मग तो सांगत गेला, आधी अडखळत, नंतर मलाही विसरून. गोष्टीतली मुलगी खिंडीशी पोचते. पुढच्या चौकटीत ती बर्फात गुडघ्यांवर, पायात एकच बूट. कालिनानं विचारलं, बाबा, मध्ये काय झालं? त्यानं टॅब डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. शेवटी म्हणाला:

“मध्ये काही काढलेलं नाही. तिथं मलाही दिसत नाही.”

“मग तिथं आपण दोघं सारखेच,” ती म्हणाली.

झोर्नित्सा, मी जन्मभर पुस्तकांत राहिले. असं वाक्य समोर बसून ऐकायला मिळेल, असं मला वाटलं नव्हतं. दोब्रीनं रेडिओ बंद केला. तिला जवळ घेऊन बसला आणि विचारलं, तुला काय वाटतं, काय झालं असेल?

मी कोट चढवला, दाराशी आले. दोघांची डोकी एकत्र झाली होती, बूट लांडग्यानं नेला की ओढ्यात गेला यावरून भांडण चाललं होतं. मला निरोप द्यायचं त्यांना सुचलं नाही. मला तुमच्याकडे येऊन बोलताही आलं नसतं, म्हणून बस पकडली. आईला तेवढं समजावून सांग.

आशीर्वाद आहेतच,
राइनामावशी